आईचा आजार आणि आपल्याकडचं न बोलणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, जागा कमी असेल तर कापा, पण आजाराचं नाव तेवढं कापू नका ही विनंती. माझी आई मागच्या वर्षी श्रावणात गेली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. पेपरात जी निधनवार्ता दिली होती त्यात 'दीर्घ आजाराने' एवढंच आलं, कारण घरातल्या मोठ्यांचं म्हणणं पडलं की बाईमाणसाचा तसला आजार चारचौघात कशाला सांगायचा. तेव्हा वाद घालायची ताकद कोणातच नव्हती. आता वर्षश्राद्ध झालं, पाहुणे येऊन गेले, आणि मला वाटतंय की आईबद्दल पूर्ण लिहावं, ती कशी जगली ते आणि कशानं गेली ते पण.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. आबा, म्हणजे वडील, माथाडी, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला. आई लग्न होऊन आली तेव्हा आधी भाड्याची खोली आणि मग सिडकोनं माथाडी कामगारांना कोपरखैरण्यात जी छोटी घरं दिली त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं, तेच घर अजून आहे, वर एक मजला चढला इतकंच. नवी मुंबई म्हटलं की लोकांना काचेच्या बिल्डिंगी आणि पाम बीच रोड आठवतो, पण आमच्या सेक्टरमध्ये पहाटे तीनला दिवे लागायचे कारण मार्केटला गाड्या लागायच्या. गावाकडची एकटी पोरं असायची, कोणाची बायको गावी, कोणाचं लग्नच व्हायचं, सहा-सात जण मिळून एका गाळ्यात राहायची. त्यांच्या जेवणाचे हाल बघून आईनं खानावळ सुरू केली. खानावळ म्हणजे काय, आमचंच घर, आमचाच स्टोव्ह आणि नंतर गॅस. तिला बोर्ड लावायची गरज कधी पडली नाही.

भाकरी थापायला ती पहाटे बसायची ती उजाडेपर्यंत. कोरेगावचा घेवडा गावाहून पोत्यानं यायचा, त्याची आमटी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि बुधवारी-रविवारी मटण नाहीतर सुकट. ज्याचा पगार झाला नाही त्याचा डबा पण जायचाच, वहीत तिनं फक्त टिंब काढलेलं असायचं. तिला आधी लिहिता येत नव्हतं म्हणून टिंबं. मग बचत गटाची खजिनदार झाली तेव्हा सहीला अंगठा नको म्हणून ती माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटीवर शिकली, आणि अक्षरं जुळवायला लागल्यावर रोज दुपारी भांडी झाली की पेपर घेऊन बसायची. आधी भविष्य, मग पाककृती, मग मोठ्या टायपातल्या बातम्या, मोठ्यानं वाचायची. तुमच्या पेपरातल्या लोणच्याच्या आणि दिवाळीच्या कृती कात्रीनं कापून तिनं डाळीच्या डब्यात ठेवल्यात, अजून तिथेच आहेत, कोणी हलवल्या नाहीत.

आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ. मला बी.कॉम. करायचं होतं तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले पोरीला एवढं कशाला, वाशीला कॉलेज, बसभाडं, पुस्तकं. आई एकच बोलली, "तिचं मी बगते, तुमी नका बोलू." त्यानंतर तीन वर्षं तिनं डब्यांची संख्या वाढवली. आज मी महापेला एका कंपनीत अकाऊंट्स बघते, बहीण नर्सरीच्या शाळेत आहे, भाऊ आबांचा बिल्ला न घेता ड्रायव्हिंगला गेला. या सगळ्याच्या पाठीमागे पहाटेच्या त्या भाकऱ्या आहेत हे आम्हाला तिघांनाही पक्कं माहितीये. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांचं काम मोठं आहेच, पण ज्या बायका कुठल्याच मंडळात आल्या नाहीत आणि तरी निम्म्या मार्केटला जेवू घालत राहिल्या त्यांच्यातली माझी आई एक, असं मला अभिमानानं सांगायचंय.

आता आजाराकडे येते. तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग मधेच कधीतरी अंगावरून लाल जायला लागलं, थोडंसं, डाग लागण्यापुरतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. धने-जिऱ्याचं पाणी पी, सब्जा भिजवून खा, असं स्वतःच चालू केलं. कंबर भरून यायची तर म्हणायची भाकऱ्यांपुढं बसून बसून झालंय. मग पांढरं जायला लागलं, त्याला वास यायला लागला, तेव्हा तिनं शेजारच्या काकींना सांगितलं आणि काकी तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे न तपासता गोळ्या दिल्या, पिशवीला सूज आहे म्हणाले. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं. त्यात धाकटीचं लग्न ठरलं, आणि आईनं ठरवून टाकलं की आता लग्न झाल्याशिवाय दवाखाना नाही. लग्नात ती हळदीपासून पाठवणीपर्यंत उभी होती, फोटोत बघितलं तर चेहरा पांढराफटक दिसतो. "काय न्हाय झालं मला, उष्णता हाय ती," हे तिचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

लग्नानंतर एका रात्री खूप रक्त गेलं आणि मग वाशीला एका लेडी डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा टेबलवर घेऊन नीट आतून तपासलं. पाच मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन त्या बाई माझ्याशी फार हळू आवाजात बोलल्या, तुकडा तपासायला पाठवला, आणि आठवड्याभरात रिपोर्ट आला. तोपर्यंत आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेला होता, एका किडनीची नळी दाबली गेली होती, म्हणजे तिसरी स्टेज. ऑपरेशन होणार नाही, केमो आणि लाईट (म्हणजे रेडिएशन) द्यावे लागतील असं सांगितलं.

पुढचं सगळं खारघरच्या टाटाला झालं. लोक त्याला टाटाच म्हणतात, खरं नाव अ‍ॅक्ट्रेक, परळच्या टाटा मेमोरियलचंच ते. परळचं हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, आणि आजही देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं तिथे येतात आणि हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकतात. त्या मानानं आम्ही नशीबवान, कोपरखैरण्याहून पनवेल लोकल पकडायची, खारघरला उतरायचं. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं हे आम्हाला एका टीसीनं सांगितलं तोपर्यंत आई लेडीज डब्यात उभी राहून जायची, म्हणून इथे लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

लाईट सोमवार ते शुक्रवार, पाच-सहा आठवडे, आणि आठवड्यातून एकदा केमो. अंगावर मार्करनं रेघा काढलेल्या, त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. लाईटच्या आधी ठरलेलं पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि त्यांना कमी इजा होते. आईला ते कोणीतरी समजावून सांगितल्यावर तिनं एवढं मनावर घेतलं की बाकीच्या बायकांना ती शिकवायला लागली. एक बंगालची बाई होती, एक बिहारची, एक आपल्या जळगावकडची. आईचं हिंदी म्हणजे "पानी पियो, रोको, बाथरूम मत जाव" एवढंच, पण त्यांच्यात गप्पा रंगायच्या. हगवण लागायची लाईटमुळे, सगळ्यांनाच, तेव्हा तिखट, पालेभाजी, भाकरी सगळं बंद आणि मऊ भात-ताक चालू. जिनं आयुष्यभर भाकरी थापली तिला भाकरी बंद. तरी ती घरून चार-पाच मऊ पोळ्या आणि गुळाचा डबा घ्यायची, पेशंटबरोबर आलेल्या माणसांसाठी, म्हणायची आजारी माणसाचं बगायला लोक हायत, ह्यांच्याकडं कोण बगतंय. वेटिंगमधले लोक तिला मावशी म्हणायचे. मार्केटच्या पोरांनी दिलेलं नाव तिच्याबरोबर खारघरला पण पोचलं.

मग आतून लाईट देतात ते झालं. ते तिला फार जड गेलं, ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही आणि मी पण इथे जास्त लिहीत नाही.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. तिनं पुन्हा थोडे डबे चालू केले, आम्ही भांडलो तिच्याशी, तिनं ऐकलं नाही, आणि आता वाटतं बरं झालं नाही ऐकलं, तेवढ्यात ती खूश होती. पंढरपूरला जाऊन आली, धाकटीला मुलगी झाली तिच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू तिनंच वळले. मग कंबरेच्या वरच्या गाठींमध्ये आणि फुप्फुसात परत आलं. तेव्हा पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे पेशंटचं दुखणं-त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. नातेवाईक म्हणाले मॉर्फिन म्हणजे आता संपलं, सवय लागेल, देऊ नका. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणंच इतकं अवघड झालं होतं की डॉक्टरपण लिहायला कचरायचे, २०१४ ला तो कायदा बदलून सोपा केला, पण लोकांच्या मनातली भीती तशीच. मी एवढंच सांगते की मॉर्फिनमुळे माझी आई शेवटचे कितीतरी आठवडे रात्री झोपली, नातीला मांडीवर घेऊन बसली, जेवली. दुखत असलेल्या माणसाला हे नाकारू नका.

ती घरीच गेली. मार्केटमधली तिच्या हातचं जेवलेली माणसं, आता कितीतरी जणांचे केस पांढरे झालेत, सगळी आली होती. काहींना तर आम्ही ओळखत पण नव्हतो. एकानं आबांच्या हातात पैसे ठेवले, म्हणाला फार जुनी खानावळीची बाकी आहे, मावशीनं कधी मागितली नाही.

हे सगळं झाल्यावर मी वाचायला लागले, कारण मला कळतच नव्हतं की हा आजार नक्की काय होता. आणि जे वाचलं त्यानं मला रात्र रात्र झोप आली नाही. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन डॉक्टरांना याच शोधासाठी २००८ ला नोबेल मिळालं. तो विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी तो होऊन जातो आणि बहुतेकींचं शरीर दोन वर्षांत त्याला स्वतःच घालवतं. तेव्हा 'तसला आजार' म्हणून जे कुजबुजतात त्यांना सांगायचंय, यात बाईच्या चारित्र्याचा काडीचा संबंध नाही. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यात कॅन्सर व्हायला दहा-पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे माझी आई चाळिशीत असताना, माझ्या फीसाठी जास्तीच्या भाकऱ्या थापत होती तेव्हा, कोणी एकदा तपासलं असतं तर सापडलं असतं, आणि त्या अवस्थेत छोट्याशा उपचारानं संपलं असतं.

आणि ही तपासणी महागडी नाही हो. शिरक्यात म्हणजे व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं ते पातळ करून गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं, खराब भाग पांढरा दिसतो. टाटाच्याच डॉक्टर सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या टीमनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला, निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी ही तपासणी, आणि तपासणाऱ्या कोण, तर दहावी शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य सेविका. २०१३ ला त्याचे आकडे आले, तपासणी झालेल्यांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. सगळ्या जगात त्याची बातमी झाली. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं, एचपीव्हीच्या टेस्टचा अभ्यास झाला, तो २००९ ला छापून आला, आयुष्यात एकदा केलेल्या टेस्टनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. हे दोन्ही अभ्यास आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच बायकांवर झालेत. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तिशी ते पन्नाशीतल्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर १.९ टक्के. शंभरात दोन पण नाहीत. सरकारनं २०१६ मध्येच ठरवलंय की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. कागदावर आहे ते. आमच्या गल्लीत मी विचारलं तर एकीला सुद्धा माहिती नव्हतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, ज्यांची पाळी गेलीये त्यांच्यात शिरक्याची तपासणी तेवढी भरवशाची राहत नाही कारण बघायचा भाग आत सरकतो, त्यांनी पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात ती) किंवा एचपीव्हीची टेस्ट डॉक्टरांना विचारावी. आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसलं, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आलं, तर सब्जा-धने नको, तपासून घ्या, आतून. न तपासता कोणी गोळ्या देत असेल तर दुसरीकडे जा. घरातल्या पुरुषांना पण सांगते, बाईला विचारा. आबा अजून म्हणतात, मला कोणी बोललंच नाही. त्यांच्या पिढीत नवरा-बायको असलं बोलायचेच नाहीत.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरमनं आपली देशी लस २०२३ च्या जानेवारीत आणली, नऊ ते चौदा वयात दिली तर सगळ्यात चांगलं काम करते. भावाच्या मुलीला आम्ही दिली. तिला कशासाठी ते आजीच्या नावानं सांगितलं, तिला कळलं.

आता तुमच्याकडे मागणं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर पाणी कधी बंद, मेगाब्लॉक कधी, लाईट कधी जाणार हे सगळं चौकटीत येतं आणि आम्ही ते वाचूनच दिवस आखतो. तशीच एक चौकट महिन्यातून एकदा द्या. कुठल्या नागरी आरोग्य केंद्रात गर्भाशयाच्या मुखाची आणि छातीची तपासणी होते, कुठल्या वारी, किती वाजता, आणि तपासायला बाई असते का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, पुरुष डॉक्टर असेल या भीतीनं बायका दारातून परत जातात. घणसोली, तुर्भे, दिघा, कळवा, किसननगर, लोकमान्यनगर, जिथे माझ्या आईसारख्या बायका राहतात तिथलं आधी द्या. महापालिकेला तुमच्या वार्ताहरानं विचारलं तर माहिती मिळेल, मी एकटी विचारायला गेले तर मला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. आणि लिहिताना 'स्त्रियांचे विकार' असं गुळमुळीत लिहू नका, अंगावरून लाल-पांढरं जाणं असं सरळ लिहा, म्हणजे दुपारी भांडी आवरून पेपर वाचायला बसलेल्या बाईला कळेल की हे आपल्याबद्दल आहे.

आमच्या बचत गटाचं ठरलंय, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता ज्या दिवशी केंद्रात तपासणी असेल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जायचं, रिक्षाचे पैसे गटातून. तिशीच्या पुढच्या सगळ्या, सासवा-सुना एकत्र. नावं घ्यायला सुरुवात केलीये, काही जणी अजून लाजतात, पण आईचं उदाहरण दिलं की हो म्हणतात कारण तिला सगळ्यांनी बघितलंय. रथसप्तमीच्या आत तुमच्या पानावर वार आणि वेळ आली, तर शेजारच्या सेक्टरमधल्या बायकांना पण आमच्याबरोबर नेता येईल.

आपली,
एक वाचक,
माथाडी वसाहत, कोपरखैरणे, नवी मुंबई